भुंग्याने जागा बदलली

१

चाक सापडलं ते लाकडाच्या वखारीत, भिंतीला टेकून उभं. गाडीपासून सुटल्यावर ते उतारावरून एकटंच गडगडत खाली आलं, वखारीच्या उघड्या फाटकातून आत शिरलं आणि कुणी नीट आणून ठेवावं तसं थांबलं. त्याच्यावर धड ओरखडाही नव्हता. गाडी मात्र वर पुलाच्या कठड्यावर आपटून पुढून चेपली होती. चालवणारी बाई जागच्या जागी गेली. मागच्या सीटवर तिची मुलगी होती. तिचा हात मोडला, जीव तेवढा वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमा कंपनीची सर्व्हेअरबाई पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात आली, तेव्हा गाडी आणि चाक दोन्ही तिथे आणून टाकलेली होती. गाडी कशी मोडली आणि का मोडली हे सांगणं तिचं काम. त्यातच तिचे केस पांढरे झाले होते. समोर फौजदार असो नाहीतर कंपनीचा मोठा साहेब, ती एकेक पायरी सावकाश चढल्यासारखी बोले. धंद्यातले लोक तिला पाठीमागे मास्तरीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटतही नसे.

फौजदाराला घाई होती. त्याच्या मते यात शोधण्यासारखं काही नव्हतं. गाडीतून काहीतरी आवाज येतो म्हणून बाईंनी गेल्या आठवड्यात ती मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने पुढचं डावं चाक काढलं, बेअरिंग बदललं, चाक परत लावलं. आणि मंगळवारी सकाळी सुटलं तेही पुढचं डावं चाकच.

"आणि गंमत बघा," फौजदार म्हणाला. "तो स्वतःच सांगतो की नट कसले की तो नटावरून रिमवर पिवळ्या रंगाची रेघ ओढतो. कसल्याशिवाय रेघ नाही आणि रेघेशिवाय गाडी बाहेर नाही. आता हे चाक बघा. आहे कुठे रेघ?"

सर्व्हेअरबाई उकिडवी बसली. चाकावरची टोपी आणि नट तर रस्त्यात कुठेतरी उडून गेले होते, पण रिमवर निदान अर्धी रेघ उरायला हवी होती. पिवळा ठिपकासुद्धा नव्हता. रिमची नटांची भोकं घासून लांबट झाली होती. म्हणजे चाक एका झटक्यात सुटलं नव्हतं, काही काळ ते ढिलं डुलत होतं. सवयीने तिने टायरवरून तळवा फिरवला. झीज सगळीकडे सारखी होती, टायर हाताला गुळगुळीत लागला.

"उद्या तो कबुलीवर सही करतोय," फौजदार म्हणाला. "तुमचा अहवाल त्याला जोडला की संपलं."

"त्याने कबूल केलंय?"

फौजदाराने जरा विचार केला. "मान हलवलीय," तो म्हणाला.

२

मिस्त्री कोठडीत गुडघे छातीशी घेऊन बसला होता. तिला बघून उठला आणि पुन्हा बसला. रात्रभर झोपला नसावा. त्याने सांगितलं ते फौजदाराने सांगितलं तेच होतं, फक्त एक गोष्ट जास्त होती. बेअरिंग बदलल्यावर त्याने गाडी एकट्याने फिरवून आणली, तरी आवाज गेला नव्हता. मग त्याने बाईंना सांगितलं की बेअरिंग खराब होतं हे खरं, पण हा आवाज टायरचा दिसतोय. सोमवारी गाडी आणा, नीट बघतो. सोमवारी त्या आल्या नाहीत.

"आवाज कसा होता? तोंडाने काढून दाखवा," सर्व्हेअरबाई म्हणाली.

अशा जागी आणि अशा वेळी असलं काही करायला सांगितलं तर कुणीही चमकला असता. पण मिस्त्री मिस्त्रीच होता. त्याने डोळे मिटले आणि ओठ मिटून आवाज काढला. लांबून भुंगा जवळ यावा आणि पुन्हा लांब जावा तशी ती घूं-घूं होती. वेग वाढला की ती जलद होई. क्लच दाबून इंजिन मोकळं सोडलं तरी चालूच राही. म्हणजे इंजिनाचा त्यात काही दोष नव्हता. आवाज चाकांबरोबर फिरत होता.

"आणि रेघ?"

मिस्त्रीने मान खाली घातली. "रेघ नसेल तर मी कसलं नाही, ताई. गॅरेजमधल्या सगळ्यांना हे मीच शिकवलंय. आता माझाच नियम मला खोटं पाडतोय."

"पण रेघ ओढल्याचं आठवतं ना?"

"आठवतं. पण ती मी रोज ओढतो. आठवते ती त्या दिवशीची की आदल्या दिवशीची, हे कुठल्या तोंडाने सांगू?" तो आपल्या नखांतलं काळं तेल खरवडू लागला. "माझ्या हातून ती माउली गेली असेल तर मला सुटायचंच नाही. करतो सही."

सर्व्हेअरबाई बाहेर आली आणि पायरीवर थांबली. सकाळपासून काहीतरी खटकत होतं ते आता नीट समोर आलं. अशी चढउतार होणारी घूं-घूं जे टायर करतं ते वेडंवाकडं झिजलेलं असतं. त्याच्यावरून हात फिरवला तर लाटा लागतात. मिस्त्रीच्या म्हणण्याप्रमाणे आवाज पुढच्या डाव्या टायरचा होता. आणि सुटलेलं पुढचं डावं टायर तर पाटीसारखं सपाट होतं.

दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. मिस्त्री, नाहीतर चाक.

३

गेलेल्या बाईचा भाऊ काचा आणि आरशांचा धंदा करत असे. मुलीचा मामा. फौजदाराने जाता जाता त्याच्याविषयी कान फुंकले होते. मेव्हण्याशी त्याचं पटत नाही, बहिणीची गाडी हक्काने मागून नेतो आणि टाकी रिकामी करून परत आणतो, शनिवारी दिवसभर गाडी त्याच्याकडेच होती.

दुकानाचं दार अर्धं ओढलेलं होतं. सगळ्या आरशांवर चादरी टाकलेल्या होत्या. मामाने खुर्ची पुसून दिली आणि स्वतः उभाच राहिला. हो, शनिवारी गाडी नेली होती, तो म्हणाला. मागची सीट पाडून काचा भरल्या आणि दुसऱ्या गावी पोचवल्या. रस्ता सगळा खड्ड्यांचा. आवाज येत होता, पुढे डावीकडे, पायाशी. त्यानेही घूं-घूं करून दाखवली. मिस्त्रीची आणि त्याची घूं-घूं एकाच आईच्या लेकरांसारखी होती.

"दुसरा काही आवाज? ठक ठक, खडखड?"

"काही नाही. मॅडम, काचा नेणारा माणूस कानांवरच जगतो. गाडीत कुठे जरा खुट्ट झालं की मी उतरून बघतो. एकही काच तडकली नाही." मग तो एका आरशावरची सरकलेली चादर नीट करू लागला. "रात्री गाडी सोडायला गेलो तेव्हा ताई म्हणाली, जेवून जा. मी म्हटलं, पुढच्या वेळी."

म्हणजे शनिवारी रात्रीपर्यंत चाक घट्ट होतं. मिस्त्रीने ते ढिलं सोडलं असतं, तर काचांच्या त्या ओझ्याखाली, त्या रस्त्यावर, ते शनिवारीच बोललं असतं.

बाईचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीतून खाली गाडी लावायची जागा दिसे. ती आता रिकामी होती आणि तिथे तेलाचा एक जुना डाग होता. दार नवऱ्याने उघडलं. दाढी वाढलेली, हातात फोन, डोळे सुजलेले. त्याने कोरड्या आवाजात सांगितलं की गाडीतलं त्याला काही कळत नाही. तो कामावर बसने जातो, गाडी बायकोच चालवायची. मिस्त्रीनंतर गाडीला कुणी हात लावला का, या प्रश्नावर त्याने लगेच उत्तर दिलं. कुणीही नाही.

"त्या माणसाला सोडू नका, मॅडम," एवढं बोलून तो पुन्हा फोनमध्ये बघू लागला. फोनवर काही चालू नव्हतं. नुसता काळा पडदा होता.

खुर्चीत त्याचे वडील बसले होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि नात आजोबा म्हणे. जन्मभर बसडेपोत फिटर. मनगटं सुजून गाठीगाठींची झाली होती. गाड्यांचं बोलणं निघाल्यावर सुनेच्या दुःखातही त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. डेपोत एका चाकाला दोन माणसं असत, त्यांनी सांगितलं. एक लावणारा, एक कसणारा. लावणाऱ्याने चाक चढवायचं, नट हाताने बसवायचे, जॅक उतरवायचा आणि पुढच्या बसकडे जायचं. मागून कसणारा लांब दांड्याचा पाना घेऊन येई.

"लावणाऱ्याने कसायला हातच लावायचा नाही. आपणच लावलं आणि आपणच कसलं, की आपली चूक आपल्याला दिसत नाही," अण्णा म्हणाले. "मी लावणारा."

तिने त्यांनाही आवाज काढून दाखवायला सांगितलं. अण्णांची घूं-घूं सगळ्यांत हुबेहूब होती. वर ते म्हणाले, "बेअरिंग नव्हतंच ते. टायर होतं. मिस्त्रीने उगाच बेअरिंग बदललं."

मुलाने झटकन वर बघितलं. अण्णा गप्प झाले.

मग नातीच्या औषधाची वेळ झाली म्हणून अण्णा उठले. आत जाऊन तिला औषध पाजून आले. बाटलीवर झाकण ठेवलं, थोडं फिरवलं आणि बाटली टेबलावरून मुलाकडे सरकवली. मुलाने ती न बघताच उचलली आणि कपाटात ठेवली.

"कसलंस का?"

"हो अण्णा, कसलं."

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला आणि तो जिन्यात गेला. अण्णांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. "पोर कालपासून काही बोलत नाही," ते हळू म्हणाले. "एकच वाक्य सारखं म्हणते. तुम्ही ऐकाल का?"

४

सात-आठ वर्षांची असेल. घरी तिला बिट्टी म्हणत. प्लास्टर केलेला हात उशीवर ठेवून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सर्व्हेअरबाई खाली फरशीवर बसली. मुलांशी बोलायचं तर आपलं डोकं त्यांच्या डोक्यापेक्षा वर असू नये, एवढं तिला कळत होतं. तिने प्रश्न विचारला नाही. नुसती ओठ मिटून, मघाशी तीन माणसांकडून शिकलेली घूं-घूं करू लागली.

बिट्टीने मान वळवली. "असं नाही," ती म्हणाली. "तो मधेच श्वास घेतो."

"कोण?"

"भुंग्या."

तर त्या आवाजाला नाव होतं. आईने आणि तिने मिळून ठेवलेलं. शाळेत जाताना आई पुढे, बिट्टी मागे डावीकडे, आणि भुंग्या पुढे आईच्या शेजारच्या सीटखाली. आई त्याला विचारायची, काय भुंगेराव, आज जेवलात का, आणि वेग वाढवून त्याच्याकडून उत्तर घ्यायची. बिट्टी हे सांगताना किंचित हसली, आणि मग तिचा चेहरा एकदम लहान झाला.

"मग मी त्याला बोलावलं."

"कुठे?"

"मागे. मला मागे एकटीला कंटाळा यायचा. मी म्हटलं, भुंग्या, तू माझ्याकडे बस. आणि सोमवारी तो आला. माझ्या सीटखाली. आई म्हणाली, खरंच की गं, तुझ्याकडेच आला की."

सर्व्हेअरबाईने आवाज तसाच संथ ठेवला. "मग पुढे कोणी बसलं का, भुंग्याच्या जागी?"

मोकळ्या हाताच्या बोटांनी बिट्टीने पलंगाच्या लाकडावर ठोकलं. ठक. ठक. ठक-ठक. "टकटक्या. तो नवा होता. आईला आवडला नाही. मंगळवारी तो खूप मोठ्याने ठोकत होता. आई म्हणाली, थांबूया पुलापलीकडे."

ती पुन्हा भिंतीकडे वळली. भिंतीलाच म्हणाली, "मी भुंग्याला मागे बोलावलं म्हणून जागा रिकामी झाली. म्हणून टकटक्या आला. मी बोलावलं नसतं तर आई असती."

सर्व्हेअरबाईने उत्तर दिलं नाही. मुलांना उत्तर द्यायचं तर पुरतं द्यावं, अर्धं देऊ नये, असं तिला वाटे. आणि पुरतं उत्तर अजून तिच्याकडे नव्हतं. तिने बिट्टीच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि उठली.

बाहेर जाताना तिची नजर कपाटाकडे गेली. औषधाची बाटली आडवी पडली होती. झाकणाखालून लाल औषधाची धार फळीवरून हळूहळू खाली ठिबकत होती.

५

ठाण्याच्या आवारात फौजदार घरी जायच्या तयारीत होता. सर्व्हेअरबाईने त्याला थांबवलं आणि गाडीच्या मागच्या डाव्या बाजूला नेलं. ते चाक अजून जागेवर होतं, त्याच्यावर प्लास्टिकची गोल टोपी बसलेली. अपघातानंतर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. जे सुटलं नाही त्याला कोण बघतो?

"शनिवारपर्यंत आवाज पुढे होता," ती म्हणाली. "मिस्त्रीने आणि मामाने, दोघांनी सांगितलं. सोमवारी तो मागे गेला. मुलीने ऐकला आणि तिच्या आईनेही. आता मला सांगा, आवाज जागा कशी बदलेल?"

"पोरीचं काय ऐकता? मार लागलाय तिला."

"सोमवारी लागला नव्हता." ती टायरपाशी बसली. "बेअरिंग गाडीला असतं, ते जागा सोडत नाही. टायर चाकाबरोबर जातं. आवाज कशाचा हे कळत नसेल, तर पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे लावून बघतात. आवाज पुढेच राहिला तर बेअरिंग. चाकाबरोबर मागे गेला तर टायर. गाडीची माहिती असलेला माणूस हेच करील."

"म्हणजे कुणीतरी चाकं बदलली?"

"तुम्ही हात लावून बघा ना."

फौजदाराने टायरवरून हात फिरवला आणि पुन्हा फिरवला. लाटा होत्या. वर, खाली, वर, खाली. भुंग्या इथे राहत होता.

मग तिने बोटांनी टोपीची कड उचकटली. टोपी निघून आली. रिमवर प्रत्येक नटाशेजारी पिवळी अर्धी रेघ होती, पण पुढे नटावर ती जात नव्हती. नटांवर रंगच नव्हता, ते दुसऱ्या जागचे होते. मिस्त्रीने कसून खूण केलेलं चाक हे होतं. सुटलेल्या चाकाला त्याचा हातच लागला नव्हता. त्याच्यावर रेघ असणार कुठून?

फौजदाराने एका रेघेवरून बोट फिरवलं. मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाला की ठीक आहे, कुणीतरी चाकं बदलली, पण बदलणं म्हणजे काही गुन्हा नव्हे. त्याने नीट कसलंही असेल.

सर्व्हेअरबाईने पाना मागितला नाही. एका नटाला दोन बोटं लावली आणि फिरवली. नट फिरला. दुसऱ्याला लावली. तोही फिरला.

हेही चाक सुटायच्या बेतात होतं. पुढच्या चाकाला वळणाचा आणि ब्रेकचा ताण जास्त, म्हणून ते आधी गेलं, इतकंच. पुलावर ते गेलं नसतं तर पुढे कुठेतरी हे गेलं असतं, आणि ह्याच्या वर बिट्टी बसत होती.

"दोन्ही चाकं एकाच हाताने लावली," सर्व्हेअरबाई म्हणाली, "आणि दोन्ही कुणीच कसली नाहीत. असं लावणारा माणूस मला आज भेटलाय." तिने टोपी उचलून काखेत धरली. "कसणारा कोण, तेही मला कळलंय असं वाटतं. देव करो आणि मी चुकीची ठरो."

६

दिवे लागले होते. अण्णा खुर्चीत, मुलगा खिडकीशी. फौजदार दाराजवळच उभा राहिला. तिने त्याला तशी विनंतीच केली होती. सर्व्हेअरबाईने प्लास्टिकची टोपी टेबलावर ठेवली. अण्णांनी ती लगेच ओळखली.

तिने सगळं सावकाश सांगितलं. भुंग्या पुढे होता, मग मागे गेला. सुटलेलं चाक गुळगुळीत होतं आणि मागच्यावर लाटा होत्या. पिवळी रेघ जिथे नको तिथे होती. "अण्णा, ते टायरच होतं, असं तुम्ही छातीठोक म्हणालात. चाकं बदलून बघितल्याशिवाय असं कुणाला सांगता येत नाही."

अण्णांनी नाकारलं नाही. रविवारी दुपारी त्यांनी पान्याच्या दांड्यावर पाय देऊन नट सोडवले होते आणि चाकं बदलली होती. नातीचा भुंग्या शोधून द्यायचा म्हणून. सोमवारी सूनबाईंनी सांगितलं की आवाज मागे गेला, तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला होता. "पण ढिलं कसं राहील?" ते म्हणाले. "मी लावलं. नट बसवले, जॅक उतरवला. काढलेल्या टोप्या भिंतीशीच राहू दिल्या. पाना तसाच हातात घेऊन वर आलो आणि ह्याला सांगितलं, आता कस. माझी मनगटं..." त्यांनी मुलाकडे बघितलं. "संध्याकाळी विचारलं मी ह्याला. खिडकीतून बघितलंही. टोप्या बसवलेल्या होत्या. कसल्याशिवाय टोपी कोण बसवेल?"

"घरात बाटलीचं झाकणसुद्धा तुम्ही लावता आणि हे कसतात," सर्व्हेअरबाई म्हणाली. "आज दुपारी तुम्ही विचारलंत, कसलंस का. ते म्हणाले, हो अण्णा, कसलं. मी जाताना बघितलं, बाटली गळत होती."

मुलगा खिडकीतून बाहेरच बघत होता. तेलाच्या त्या डागाकडे.

"पाना वर राहिला होता," तो अखेर म्हणाला.

मग तो थांबून थांबून सांगत गेला. खाली गेल्यावर बघितलं तर पाना नव्हता. पुन्हा दोन मजले चढायचा कंटाळा आला. सकाळी करू म्हटलं. पण अण्णा वरून बघतील, दहादा विचारतील, म्हणून टोप्या तेवढ्या ठोकून बसवल्या. सकाळी विसरला. सोमवारी रात्री ती म्हणाली की पुढे काहीतरी ठकठक वाजतंय.

"तेव्हा तरी आठवलं असेल," फौजदार म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता.

"आठवलं." मुलाने दोन्ही हात खिडकीच्या गजांवर घट्ट धरले. "पण कसलं नव्हतं असं सांगायचं कसं? अण्णांना हो म्हटलं होतं. तिच्यासमोरच म्हटलं होतं. म्हटलं, पहाटे उठून गुपचूप कसून येतो. कुणाला कळायचं नाही. जाग आली तेव्हा गाडी गेलेली होती."

"आणि मिस्त्री?"

काल ठाण्यात मुलानेच अण्णांना बजावलं होतं की चाकं बदलल्याचं बोलू नका, उगाच तुमच्यावर यायचं. अण्णांना वाटलं, मुलगा आपल्याला वाचवतोय.

म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. रागावले नाहीत, रडलेही नाहीत. जन्मभर ज्या माणसावर विसंबून पुढच्या बसकडे जायचं, तो मागून येतोच आहे असं धरून चाललेले ते, पहिल्यांदाच मागे वळून बघत होते.

आतल्या दारात बिट्टी उभी होती. कधीपासून ते कुणालाच ठाऊक नव्हतं. प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने तोलून धरलेला.

सर्व्हेअरबाई तिच्याकडे गेली नाही. आहे तिथेच खाली बसली आणि टेबलावरची टोपी फरशीवर ठेवून म्हणाली, "बिट्टी, दुपारी तू मला एक गोष्ट सांगितलीस. त्यात एक चूक आहे. भुंग्याला पाय नाहीत. तो टायरमध्ये राहतो. टायर जाईल तिकडेच जातो. कितीही हाका मारल्या तरी त्याला ऐकू येत नाही."

बिट्टीने यावर विचार केला. तिला सोपं उत्तर नको होतं. "मग तो मागे कसा आला?"

"मी आणला, बाळा," अण्णा म्हणाले. "मी चाक बदललं."

"मी बोलावलं म्हणून नाही?"

"नाही."

तिचे खांदे थोडे खाली आले. पण ती तिथून हलली नाही. खोलीतल्या सगळ्यांना पुढचा प्रश्न कळला होता, आणि तो तिने विचारू नये असं प्रत्येकाला वाटत होतं.

"आणि टकटक्याला कुणी बोलावलं?"

फौजदाराने नजर वळवली. सर्व्हेअरबाई मुलीच्या वडिलांकडे बघत राहिली. याचं उत्तर तिला देता आलं असतं, अगदी नीट, पायरी पायरीने. पण ते द्यायचा हक्क तिचा नव्हता.

वडिलांनी गज सोडले. ते आले आणि बिट्टीसमोर गुडघ्यांवर बसले, डोकं तिच्या डोक्याच्या खाली येईल इतके वाकून.

"मी," ते म्हणाले. "त्याला मी बोलावलं, बिट्टी. तू नाही. तू काहीच केलं नाहीस."

बिट्टीने त्यांना हात लावला नाही. नुसती बघत राहिली, एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग वळली आणि आत आजोबांच्या पलंगावर जाऊन बसली.

मिस्त्रीला त्याच रात्री सोडलं. तुझी रेघ सापडली, फौजदाराने त्याला सांगितलं, दुसऱ्या चाकावर. त्याने एवढंच विचारलं की त्यांची पोर कशी आहे.

घरी जेव्हा सगळे उठून गेले, मुलगा फौजदाराबरोबर जिना उतरून गेला, तेव्हा अण्णा कपाटापाशी गेले. आडवी पडलेली बाटली त्यांनी उभी केली, फडक्याने पुसली. झाकण लावलं. मग गाठीगाठींच्या मनगटाने ते कसायला लागले. दुखत होतं, हात घसरत होता. बिट्टी आतल्या पलंगावरून उघड्या दारातून बघत होती. झाकण केव्हाच बसलं होतं, तरी अण्णा कसत राहिले.